एका फलंदाजाचे चढउतार

क्रिकेटच्या खेळांत फलंदाजाच्या वांट्याला जें दैव येतें, तें इतर खेळाडूंच्या वांट्याला क्वचितच येत असेल. गोलंदाजाचा एक चेंडू वाईट पडला तर पुढच्या चेंडूवर त्याला आपली चूक सुधारतां येते. क्षेत्ररक्षकाच्या हातून एक झेल सुटला तर दुसरा झेल घेऊन तो ती उणीव भरून काढतो. फलंदाजाची मात्र एक चूक झाली कीं त्या डावापुरता त्याचा कारभार आटोपला. मग त्यानें तंबूंत बसून दुसऱ्यांचा खेळ पाहावा व आपल्या चुकीचा विचार करीत राहावें. म्हणून फलंदाजाच्या आयुष्यांत चढउतार असायचेच, हें आपण सर्वजण जाणतों. परंतु चढ आणि उतार हे दोन शब्द उच्चारले म्हणजे विषय संपला, असें मला वाटत नाहीं. चढ बहुधा एकाच प्रकारचा असतो. उतार मात्र अनेक प्रकारचे असतात, आणि प्रत्येक उतारावर पाऊल टाकण्याची रीत निराळी असते. हा भेद ज्यांच्या चरित्रांत अगदीं स्पष्ट दिसतो, अशा एका फलंदाजाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. त्यांचें नांव मोहिंदर अमरनाथ.

मोहिंदर भारताकडून ६९ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांनीं ४,३७८ धांवा काढल्या, त्यांची सरासरी ४२.५० पडली आणि शतकें ११ झालीं. हे आंकडे कोणाहि फलंदाजास भूषणावह आहेत. परंतु त्यांचा पहिला कसोटी सामना डिसेंबर १९६९ मध्यें झाला आणि शेवटचा जानेवारी १९८८ मध्यें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ बदलतो. त्यांच्याच काळांतील सुनील गावसकर १९७१ ते १९८७ या सोळा वर्षांत १२५ कसोटी सामने खेळले; मोहिंदर अठरा वर्षांत ६९. म्हणजे त्यांच्या कारकीर्दीचा धागा वारंवार तुटला आणि त्यांनीं तो वारंवार जोडून घेतला. तो कोठें व कां तुटला, हें पाहण्यासारखें आहे.

ही कहाणी त्यांच्या वडिलांपासून सुरू केली पाहिजे. डिसेंबर १९३३ मध्यें हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर झाला. प्रतिपक्षाचा नायक जार्डिन होता. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावांत लाला अमरनाथ या बावीस वर्षांच्या पंजाबी तरुणानें ११८ धांवा काढल्या. हिंदुस्थानच्या संघातर्फे काढलेलें तें पहिलें कसोटी शतक, आणि तेंहि त्याच्या पहिल्याच सामन्यांत. प्रेक्षकांतील स्त्रियांनीं अंगावरचे दागिने काढून त्यांस दिले, असें सांगतात. इतकें मोठें यश इतक्या लवकर फार थोड्यांस मिळालें असेल.

यानंतर अडीच वर्षांनीं, १९३६ च्या जूनमध्यें, इंग्लंडच्या दौऱ्यावर असतांना पहिल्या कसोटीच्या आधींच लालाजींना शिस्तभंगाच्या आरोपावरून बोटीनें घरीं पाठविण्यांत आलें. त्या संघाचे नायक विजयनगरचे महाराजकुमार होते. लालाजींची बॅट रुसली नव्हती. वरिष्ठांची मर्जी रुसली होती. मध्यें महायुद्ध आलें आणि पुढचा कसोटी सामना त्यांस १९४६ सालीं मिळाला. वयाची चोविशी ते चौतिशी हीं फलंदाजाचीं ऐन भराचीं वर्षें; तीं अशीं गेलीं. पुढें ते १९४७-४८ मध्यें ऑस्ट्रेलियांत भारताचे नायक झाले. १९४९ सालीं नियामक मंडळाशीं बेबनाव होऊन त्यांच्यावर पुन्हां बंदी आली. आणि १९५२ मध्यें तेच पुन्हां नायक होऊन त्यांनीं पाकिस्तानविरुद्धची मालिका २-१ अशी जिंकली. भारतानें जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका. चढउतार म्हणजे काय, हें अमरनाथांच्या घरांत मुलांना निराळें शिकविण्याची गरज नव्हती.

लालाजींचे द्वितीय चिरंजीव मोहिंदर हे २४ सप्टेंबर १९५० रोजीं पतियाळा येथें जन्मले. एकोणिसाव्या वर्षीं मद्रास येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांस पहिला कसोटी सामना मिळाला आणि त्यानंतर सहा वर्षें एकहि मिळाला नाहीं. दुसरा सामना १९७६ च्या जानेवारींत, न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें. गंमत अशी कीं, थोरले बंधु सुरिंदर यांचा तो पहिलाच कसोटी सामना होता आणि त्यांनीं त्यांत १२४ धांवा काढून वडिलांच्या पराक्रमाची पुनरावृत्ति केली. त्या दिवशीं जर कोणास विचारलें असतें कीं या दोघां भावांपैकीं कोणाचें नांव पुढें अधिक गाजेल, तर शंभरांतील नव्वदांनीं सुरिंदर यांच्याकडेच बोट दाखविलें असतें. पण सुरिंदर एकूण दहाच कसोटी सामने खेळले. पहिल्या दिवसाच्या प्रकाशांत माणसाची उंची बरोबर मोजतां येत नाहीं, एवढेंच यावरून म्हणावयाचें.

धाकट्या भावानें मात्र आतां पाय रोवले. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें पोर्ट ऑफ स्पेन येथें भारतास वेस्ट इंडीजविरुद्ध चौथ्या डावांत ४०३ धांवा हव्या होत्या. त्या भारतानें चार गडी गमावून काढल्या, हा सामना आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. गावसकर व विश्वनाथ यांच्या शतकांचें स्मरण सर्वांना असतें. तिसऱ्या क्रमांकावर येऊन एक बाजू धरून ठेवणाऱ्या मोहिंदर यांच्या ८५ धांवा मात्र बहुतेकांच्या लक्षांतून जातात. पुढें १९७७ च्या डिसेंबरांत ऑस्ट्रेलियांतील पर्थच्या मैदानावर त्यांनीं ९० व १०० अशा दोन खेळी केल्या. पर्थची खेळपट्टी अति वेगवान म्हणून प्रसिद्ध, आणि समोर जेफ थॉमसनसारखा गोलंदाज. आतां यांची जागा पक्की झाली, असें कोणासहि वाटावें.

येथें पहिला मोठा उतार लागतो. १९७९ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत एका सामन्यांत न्यूझीलंडचा प्रसिद्ध गोलंदाज रिचर्ड हॅडली याचा उसळता चेंडू मोहिंदर यांच्या डोक्यावर बसला आणि कवटीचें हाड तडकलें. शरीराची जखम भरते; परंतु आखूड टप्प्याचा चेंडू पाहतांच शरीर आपल्या इच्छेविरुद्ध मागें सरूं लागतें, ती जखम लवकर भरत नाहीं. त्या वेळीं शिरस्त्राण नुकतेंच प्रचारांत येत होतें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते खेळावयास आले, ते डोक्यावर जुन्या साहेबी थाटाची सोला टोपी घालून. रॉडनी हॉग या वेगवान गोलंदाजाचा चेंडू खेळतांना त्यांचा तोल गेला आणि स्वतःच यष्टि पाडून ते स्वयंचीत झाले. धांवा दोन. लोक हंसले. ज्याच्या कवटीस कांहीं महिन्यांपूर्वींच तडा गेला होता, तो मनुष्य काय धैर्यानें तेथें उभा आहे, हा विचार हंसणाऱ्यांच्या मनांत आला नसावा. त्या सामन्यानंतर तीन वर्षें मोहिंदर भारतीय संघाबाहेर होते.

हें अपयश कोणत्या जातीचें होतें? निवड समितीनें अन्याय केला म्हणून तें आलें, असें म्हणतां येणार नाहीं. त्यांच्या खेळांतच एक खिंडार पडलें होतें आणि जगांतील सर्व वेगवान गोलंदाजांना तें दिसलें होतें. अशा वेळीं नुसता धीर धरून कांहीं साधत नाहीं. खिंडार बुजवावें लागतें.

मोहिंदर यांनीं तें कसें बुजविलें, हें थोडें तपशिलानें सांगतों, कारण सगळें मर्म तेथेंच आहे. फलंदाजानें गोलंदाजाकडे खांदा करून, बाजूनें उभें राहावें, असा जुन्या पुस्तकांचा दंडक आहे. सरळ बॅटनें पुढें टोलविण्यास ती ठेवण उत्तम. पण छातीच्या उंचीवर अंगावर येणारा चेंडू या ठेवणींत नीट पाहतां येत नाहीं. मान फार वळवावी लागते, आणि वेळ तर अर्ध्या सेकंदाहून अधिक नसतो. मोहिंदर यांनीं छाती गोलंदाजाकडे उघडी करून, दोन्ही डोळ्यांनीं चेंडू सरळ दिसेल अशा रीतीनें उभें राहण्यास सुरुवात केली. असें उभें राहणें पुस्तकांस धरून नाहीं. पाहणाऱ्यास तें सुंदरहि दिसत नाहीं. तिशीच्या घरांत आलेल्या, एकदां नांव मिळविलेल्या मनुष्यानें बालपणापासूनची सवय मोडून पुन्हां पहिल्या इयत्तेंत बसावें, ही सामान्य गोष्ट नव्हे. आणि ही तपश्चर्या त्यांनीं मोठ्या प्रकाशांत केली नाहीं. देशांतील सामन्यांत केली. १९८१-८२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत कर्नाटकानें पहिल्या डावांत ७०५ धांवांचा डोंगर रचला. दिल्लीनें तो आठ गडी गमावून ओलांडला. दिल्लीचे नायक मोहिंदर होते आणि त्यांच्या स्वतःच्या धांवा १८५ होत्या.

१९८२ च्या डिसेंबरांत पाकिस्तानच्या दौऱ्यावर त्यांस पुन्हां बोलावणें आलें. ही मालिका भारतास फार जड गेली. इम्रान खान यानें एकट्यानें ४० गडी बाद केले आणि भारत ०-३ असा हरला. त्या पडझडींत मोहिंदर यांनीं लाहोर येथें नाबाद १०९ धांवांनीं आरंभ केला आणि मालिकेंत तीन शतकांसह ५८४ धांवा काढल्या. तेथून संघ थेट वेस्ट इंडीजला गेला. रॉबर्ट्स, होल्डिंग, मार्शल, गार्नर हे चार वेगवान गोलंदाज एकामागून एक अंगावर येत. तेथील पांच सामन्यांतील मोहिंदर यांच्या धांवा अशा : २९, ४०, ५८, ११७, १३, ९१, ८०, ५४ आणि ११६. बेरीज ५९८.

या ओळींतील ८० या आंकड्याशीं क्षणभर थांबूं या. ब्रिजटाउन येथें मार्शलचा चेंडू मोहिंदर यांच्या तोंडावर बसला. रक्तबंबाळ होऊन ते बाहेर गेले, जखमेस टांके घालून घेतले, आणि गडी पडूं लागतांच पुन्हां मैदानावर येऊन त्यांनीं डाव पुढें चालविला. चार वर्षांपूर्वीं ज्याला लोक हंसले होते, तोच हा मनुष्य. अंतर पडलें तें धैर्यांत नव्हे. धैर्य सोला टोपीच्या दिवशींहि होतें. आतां त्या धैर्याच्या पायाखालीं कसब आलें होतें.

त्याच वर्षींच्या जूनमध्यें इंग्लंडमध्यें विश्वचषकाचे सामने झाले. उपांत्य सामन्यांत इंग्लंडविरुद्ध मोहिंदर यांनीं ४६ धांवा केल्या व दोन गडी बाद केले. २५ जून १९८३ रोजीं लॉर्ड्‌सवर झालेल्या अंतिम सामन्यांत वेस्ट इंडीजविरुद्ध २६ धांवा केल्या आणि अवघ्या १२ धांवांत तीन गडी घेतले. दोन्ही वेळां सामन्यांतील उत्कृष्ट खेळाडूचें पारितोषिक त्यांसच मिळालें. होल्डिंगला पायचीत करून तो सामना संपविणारा चेंडूहि त्यांचाच. हा कळस. यापुढें चढावयास जागाच नव्हती.

आणि आतां, श्रोतेहो, दुसरा उतार ऐका. विश्वचषक गमावलेला वेस्ट इंडीजचा संघ त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सूड घेण्याच्या ईर्षेनें भारतांत आला. मोहिंदर त्या मालिकेंत तीन सामने खेळले. सहा डाव. त्या सहा डावांत मिळून त्यांच्या धांवा किती? एक. पांच भोपळे आणि एक धांव. मे महिन्याच्या आरंभीं ज्यानें याच संघाविरुद्ध ५९८ धांवांची मालिका पुरी केली, त्यास सहा महिन्यांच्या आंत त्याच मार्शल व होल्डिंगसमोर उभें राहतां येईना. त्यांस संघांतून वगळण्यांत आलें.

या घटनेचें कारण शोधूं जाणाऱ्यांची त्या वेळीं कमतरता नव्हती. यशाची धुंदी चढली, वय झालें, डोळे मंदावले, असलीं निदानें आपल्याकडे चहाच्या पेल्याबरोबर तयार होतात. पण शांतपणें पाहिलें तर काय दिसतें? मनुष्य तोच, उभें राहण्याची रीत तीच, प्रमुख गोलंदाज तेच. प्रत्येक वेळीं बाद होण्यास कांहीं तरी निमित्त असतेंच. परंतु सहा निमित्तें एकत्र केलीं म्हणजे एक दोष सिद्ध होतो, असें नाहीं. नव्या चेंडूवर, ताज्या दमाच्या गोलंदाजांसमोर पहिलीं दोन-चार षटकें कोणाहि फलंदाजाला कठीणच असतात. तेथून पार पडला तर तो शंभर करतो. न पडला तर शून्य. या दोहोंत पुष्कळदां बोटभर अंतर असतें, आणि तें बोटभर अंतर सहा वेळां लागोपाठ विरुद्ध बाजूस पडूं शकतें.

१९७९ चें अपयश आणि १९८३ चें अपयश यांत माझ्या मतें हा महत्त्वाचा भेद आहे. पहिलें दोषाचें अपयश होतें. त्यावर उपाय सुधारणेचा. दुसरें काळाचें अपयश होतें; त्यावर उपाय धीराचा. आणि जो एकाचें औषध दुसऱ्याला देतो, तो रोग्यास मारतो. १९७९ नंतर मोहिंदर नुसते धीर धरून बसते, तर लोकांच्या लक्षांत राहती ती सोला टोपीच. आणि १९८३ नंतर घाबरून, मोठ्या कष्टानें मिळविलेली आपली नवी रीत त्यांनीं मोडून टाकली असती, तर तीन वर्षांची कमाई सहा डावांच्या पायीं पाण्यांत गेली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं.

फळ एका वर्षांत दिसलें. १९८४ च्या ऑक्टोबरांत लाहोर येथें भारतावर पाकिस्तानविरुद्ध पुन्हां फलंदाजी करण्याची पाळी आली. पराभव समोर दिसत असतांना मोहिंदर यांनीं नाबाद १०१ धांवा काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. त्यानंतर त्यांनीं कँडी, सिडनी व नागपूर येथें शतकें केलीं. त्यांच्या ११ शतकांपैकीं नऊ परदेशांत झालेलीं आहेत, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. जेथें खेळपट्टी परकी, प्रेक्षक परके व चेंडू अंगावर येणारा, तेथें हा मनुष्य अधिक खुलत असे.

आतां तिसरा प्रकार राहिला. फलंदाजाच्या बॅटीमुळें येत नाहीं आणि काळामुळेंहि येत नाहीं, अशा उताराचा. १९८८ सालीं संघांतून नांव गळाल्यावर मोहिंदर यांनीं निवड समितीच्या सभासदांची उघडपणें विदूषकांत गणना केली. त्याची बरीच चर्चा झाली. त्यांचा कसोटींतील खेळ तोंवर संपला होता. पुढील वर्षीं ते एकदिवसीय सामन्यांत दिसले आणि नंतर तेंहि थांबलें. वडिलांचा १९३६ चा वारसा मुलानें अशा रीतीनें पुरा केला, असें कोणी म्हणेल. ते शब्द योग्य होते कीं नव्हते, याचा निवाडा करण्याचें मला कारण दिसत नाहीं. एवढें खरें कीं, मर्जीमुळें आलेल्या अपयशावर ना सुधारणेचा उपाय चालतो, ना केवळ धीराचा. त्या वेळीं मनुष्याच्या हातीं एकच गोष्ट उरते : आपल्या कामाची किंमत दुसऱ्याच्या शिक्क्यावरून न ठरविणें. लालाजी पुढें नायक झाले म्हणून १९३६ सालीं ते निर्दोष ठरले, असें नव्हे. ते नायक झाले नसते तरी त्यांचें मुंबईचें शतक तितकेंच खरें राहिलें असतें. आणि दैवाचा खेळ पाहा : ज्या निवड समितीवर मोहिंदर यांनीं इतके कडक शब्द टाकले, तिच्यावर २०११-१२ मध्यें ते स्वतःच सभासद होऊन बसले. दुसऱ्यांच्या मुलांना आंत घेण्याचें व बाहेर ठेवण्याचें काम तेव्हां त्यांनाहि करावें लागलें.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं बॅट असेल, पण कसोटीचा फलंदाज नसेल. परीक्षेचा निकाल मात्र प्रत्येक घरांत येतो. माझें आयुष्य गुणपत्रकें भरण्यांत गेलें, म्हणून एवढें बोलण्याचा अधिकार घेतों. मुलगा गणितांत नापास होऊन घरीं आला, म्हणजे आपण ताबडतोब एक तर त्याला रागावतों, किंवा नशिबाला दोष देऊन त्याची समजूत घालतों. दोन्ही वेळां आपण एक गोष्ट विसरतों. ती म्हणजे त्याची उत्तरपत्रिका पाहणें. तीच चूक तीन परीक्षांत, त्याच जागीं, त्याच रीतीनें होत असेल, तर तें १९७९ चें अपयश आहे. त्याला पुन्हां पहिल्या धड्यापासून शिकविलें पाहिजे, मग कितीहि वर्षें लागोत. वर्षभर नीट सोडविणारा मुलगा एका दिवशीं कोसळला असेल, तर तें १९८३ चें अपयश आहे. त्याची शिकवणी बदलूं नये, शाळा बदलूं नये, त्याला शांतपणें पुढच्या परीक्षेस बसूं द्यावें. आणि दोष त्याचाहि नाहीं व काळाचाहि नाहीं, असें दिसून आलें, तर निदान घरांतील माणसांनीं तरी त्याची किंमत त्या शिक्क्यावरून करूं नये. मोहिंदर अमरनाथ यांच्या कारकीर्दींत एका टोकाला ५९८ आहेत व दुसऱ्या टोकाला १ आहे. त्यांपैकीं कोणताहि एक आंकडा घेऊन जो त्या मनुष्याला मोजूं जाईल, तो फसेल. दोन आंकड्यांच्या मधल्या जागेंत त्यानें काय केलें, तिकडे पाहावें लागतें. आणि ती जागा धांवफलकावर लिहिलेली नसते.